कललेलं कोंदण

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा घरातली सगळ्यात चांगली खिडकी आधीच गेलेली होती. स्वयंपाकघरामागच्या लहान खोलीतली ती खिडकी. तिच्यातून ऊन कधी आत येत नाही, पण उजेड दिवसभर सारखा असतो. तिथं माझ्या नणंदेचं मेज होतं. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, "घरात कुठंही बस, तिथं मात्र झाडू मारू नकोस. त्या खोलीत जमिनीवर पडलेला कणसुद्धा लोकांचा असतो."

वन्सं दागिन्यात खडे बसवतात. सोनार अंगठी घडवतो, कुडी घडवतो. हिरा किंवा माणिक ज्यात बसतं ते कोंदण तयार करून त्यात खडा पक्का करणं हे वेगळं काम आहे आणि ते करणारी माणसं कमी. त्यांच्या मेजाला पुढून अर्धचंद्रासारखी खाच आहे. त्या खाचेत पोट टेकवून त्या बसतात, आणि खाली मांडीवर चामड्याची झोळी अडकवलेली असते. कानशीचा चुरा, निसटलेला खडा, सगळं त्या झोळीत पडतं. आमची मुलं लहान असताना विचारायची, "आत्या, तुझ्या झोळीत काय आहे?" आणि त्या भिंगातून डोळा न काढता म्हणायच्या, "न ऐकणाऱ्या मुलांचे दात."

हे काम त्यांनी माझ्या सासऱ्यांकडून, म्हणजे त्यांच्या वडिलांकडून घेतलं. सासरे एका सराफाच्या पेढीवर खडे बसवायचे. मेजाशी मुलानं बसावं अशी त्यांची फार इच्छा. पण मुलगा, म्हणजे आमचे हे, दहा मिनिटं एका जागी बसले की त्यांच्या पायाला मुंग्या येतात. अजूनही येतात. बसवायचा होता मुलगा आणि येऊन बसली मुलगी. सासऱ्यांनी आधी रागावून पाहिलं, मग दुर्लक्ष करून पाहिलं, आणि एके दिवशी स्वतःचं भिंग तिच्या डोळ्याला लावून दिलं.

वन्संच्या लग्नाची गोष्ट आमच्या घरात दर पाहुण्याला सांगितली जाते, म्हणून मीही सांगते. एक स्थळ चालून आलं होतं. मुलगा समोर बसला, चहाचा कप उचलला, आणि त्याच्या बोटातल्या अंगठीतला पुष्कराज हलताना वन्संना दिसला. "काढा ती," त्या म्हणाल्या. मुलानं निमूटपणे काढली. वन्सं आत गेल्या, खडा घट्ट केला, अंगठी पुसून परत आणून दिली. मुलगा खूश झाला. त्याची आई झाली नाही. ते स्थळ गेलं, पुढचीही कुठं कुठं गेली, आणि एका वयानंतर वन्संनी सांगून टाकलं की आता माझ्यासाठी कुणाला बोलावू नका, मला कामं आहेत.

त्यांचा स्वभाव सांगायचा तर एवढंच सांगते की वाकडं काही त्यांना खपत नाही. दुसऱ्याच्या घरी गेल्या तरी भिंतीवरची तसबीर आधी सरळ करतील, मग बसतील. पत्र द्यायला आलेल्या पोस्टमनची कॉलर नीट करून त्यांनी त्या बिचाऱ्याला लाजवलं आहे. मी देवापुढे दिवा लावून डोळे मिटते, तेवढ्यात मागून हात येतो आणि दिवा जरासा उजवीकडे सरकतो. मी डोळे न उघडता म्हणते, "वन्सं, देवाला चालतं हो तसं." त्या म्हणतात, "देवाला चालत असेल, मला चालत नाही."

मग त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला. दोन्ही डोळ्यांत. आधी त्या कबूलच होईनात. दिव्याला दोष दिला, भिंग बदललं, खिडकीची काच माझ्याकडून पुन्हा पुन्हा पुसून घेतली. शेवटी एका नथीतला खडा तिरका बसवला गेला आणि त्या स्वतःच म्हणाल्या, "झालं. आता मला दिसत नाही."

वन्सं घरी बसून त्याच पेढीची कामं करायच्या. सराफकाकांनी, म्हणजे पेढीच्या जुन्या मालकांच्या मुलानं, त्यांना काढून टाकलं नाही. माणूस चांगला आहे, पण व्यापारी आहे. खडे बसवायचं काम नव्या कारखान्यातल्या एका यंत्रवाल्याकडे जाऊ लागलं आणि वन्संकडे यायला लागले मणी. रंगीत मण्यांच्या माळा ओवायच्या, तुटलेल्या सरांना नवा दोरा घालायचा. वन्सं त्याही ओवायच्या. ज्या बाईनं उभा जन्म राईएवढे हिरे बसवले, तिनं सुईत दोरा घालण्यासाठी मला हाक मारायची. त्या हाकेत काय असायचं ते मी ऐकलं आहे.

दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया नीट पार पडली. पट्टी निघाली तेव्हा त्या घरभर फिरल्या आणि म्हणाल्या, "अगं, या भिंती पिवळ्या नाहीत, पांढऱ्या आहेत. आणि तुझे केस इतके पिकले कधी?" मी मनात देवाचे आभार मानले, केसांचं दुःख बाजूला ठेवून.

त्यानंतर सराफकाका एका दुपारी स्वतः आले. खिशातून एक डबी काढली. त्यांना आडवळणं घेता येत नाहीत, ते सरळ बोलले. "बाई, हे काम मी यंत्रवाल्याला देणार होतो. बाबांची आठवण झाली म्हणून तुमच्याकडे आणलं. हे जमलं तर मेज तुमचं, पूर्वीसारखं. नाही जमलं तर मग मणीच बरे. राग मानू नका."

"राग कशाला," वन्सं म्हणाल्या. "आणा इकडे."

डबीत एक अंगठी होती. मला दागिन्यांतलं काही कळत नाही, तरीही मी भांडी विसळायची थांबवून बघत राहिले. एका फार जुन्या, नावाजलेल्या दागिनेकारानं स्वतःच्या हातानं आरेखलेली, एकच घडवलेली अंगठी. आतल्या बाजूला त्याची बारीक खूण होती. पांढऱ्या धातूचं कडं, दोन्ही बाजूंनी पानांसारखे लहान हिरे, आणि मधोमध, एका बारीक मानेवर उचललेल्या कोंदणात, मोठा हिरा. आताच्या हिऱ्यांसारखा तो लखलखत नव्हता. जुन्या काळी पैलू हातानं पाडायचे, म्हणून तो पुरता गोलही नव्हता, आणि वरून पाहिलं की त्याच्या पोटात एक काळा ठिपका दिसायचा. डोळ्यातल्या बाहुलीसारखा.

ती अंगठी निवृत्त झालेल्या एका मुख्याध्यापिकेची होती. हिऱ्याला धरून ठेवणाऱ्या नख्यांपैकी एक झिजली होती आणि हिरा खुळखुळत होता. ती नखी भरून द्यायची, एवढंच काम.

वन्संनी ते केलं. काठीच्या टोकाला लाख तापवून तिच्यात अंगठी रोवली, नखी भरली, घासली, हिरा पक्का केला. आणि तेवढ्यात त्यांना दिसलं की कोंदणाची मान एका बाजूला कललेली आहे. अगदी थोडी. पूर्वी कदाचित दिसलीच नसती. आता नवे डोळे होते. "कधीतरी पडली असणार कुठंतरी," त्या म्हणाल्या. "मान लचकली आहे बिचारीची." आणि हिरा काढून, मान तापवून मऊ करून त्यांनी ती सरळ केली. ओळंब्यात धरल्यासारखी सरळ. हिरा परत बसवला. संध्याकाळी आम्हा सगळ्यांना बोलावून दाखवलं. आमचे हे म्हणाले, "छान." ते सगळ्यालाच छान म्हणतात, पण त्या दिवशी वन्सं त्यावरही खूश झाल्या. जेवताना दोनदा हसल्या. न सांगितलेलं काम वर करून दिलं होतं त्यांनी, त्याचे पैसे नकोत म्हणाल्या.

अंगठी गेली. दोन दिवसांनी सराफकाका परत जिना चढून आले. या वेळी बसले नाहीत, डबी मेजावर ठेवली.

"बाई, काय केलंत त्या अंगठीला?"

"का? हलतोय खडा?"

"खडा पक्का आहे. त्या मुख्याध्यापिकाबाईंनी अंगठी बोटात घातली, हात मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, ही माझ्याकडे बघत नाही. माझी अंगठी माझ्याकडे बघायची. मी म्हटलं, अहो बाई, अंगठी कशी बघेल? तर मला वर्गाबाहेर उभं करतील अशा नजरेनं बघितलं त्यांनी."

वन्संनी डबी उघडली. अंगठी वरून, कडेनं फिरवून पाहिली. मग ती स्वतःच्या बोटात अर्धी घातली, हात मांडीवर ठेवला, आणि मला त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं की त्यांना काय कळलं आहे ते. सरळ उभा हिरा छताकडे बघत होता. तो आधी ज्या बाजूला कलला होता, ती घालणाऱ्याच्या तोंडाची बाजू होती.

"ती लचकलेली नव्हती," त्या म्हणाल्या. "तशीच केली होती."

सराफकाकांनी कपाळ चोळलं. "असं करू, त्यांना सांगू की साफसफाई केली, म्हणून वेगळी वाटते. वय झालंय त्यांचं. थोडे दिवस घातली की सवय होईल."

"त्यांना वाटत नाहीये. त्यांना दिसतंय." वन्संचा आवाज चढला नाही. "मी वाकवली. म्हणजे सरळ केली. एकच झालं."

"मग यंत्रवाल्याकडे देतो. तो मोजून मान परत कलती करेल."

"कशावरून मोजणार? जुना कल राहिलाय कुठं?"

"फोटो आहे की माझ्याकडे." त्यांनी फोन काढला, फोटो शोधला, आणि फोन खाली घेतला. फोटो वरून काढलेला होता. वरून कल दिसत नाही.

"मला एकदा करू द्या," वन्सं म्हणाल्या.

"बाई, आधीच एकदा वाकवली आहे. जुना धातू. दुसऱ्यांदा तुटली तर?"

"तुटली तर तुम्ही म्हणाल ते. मणी म्हणाल तर मणी."

सराफकाका माझ्याकडे बघायला लागले, जणू निर्णय माझ्या हातात होता. मी म्हटलं, "चहा टाकते." दुसरं काय म्हणणार? चहा पिऊन होईपर्यंत त्यांनी डबी उचलली नाही, आणि जाताना ती मेजावरच राहिली. तेच उत्तर समजायचं.

ते गेल्यावर वन्सं मेजाशी बसून राहिल्या. मी पदराला हात पुसत जवळ उभी राहिले. त्या म्हणाल्या, "तुला सांगू, पूर्वी मला नीट दिसायचं नाही ना, तेव्हा मी विचारायचे. हे असंच होतं का हो, कधी पडलं होतं का, कोण घालतं. आता दिसायला लागलं तसं विचारणंच सोडलं मी."

मी म्हटलं, "मग आता विचारू या."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी त्या मुख्याध्यापिकाबाईंकडे गेलो. मी सोबतीला, कारण वन्संना अजून जिन्याच्या पायऱ्या उतरताना नीट अंदाज येत नव्हता. वाटेत मी मनातल्या मनात प्रार्थना म्हणत होते. वन्संनी ओठ हलताना पाहिले आणि म्हणाल्या, "माझ्यासाठी म्हणत असशील तर जरा मोठ्यानं म्हण, मलाही धीर येईल." मग मी मोठ्यानं म्हटली. रस्त्यातल्या एका माणसानं वळून पाहिलं. पाहू दे.

बाईंचं घर पुस्तकांनी भरलेलं. खुर्चीवर पुस्तकं, रेडिओवर पुस्तकं, खिडकीच्या कट्ट्यावर पुस्तकं आणि त्यांच्यावर झोपलेली एक मांजर. बाई उंच, कृश, पाठीचा कणा अजून ताठ. बोटांची पेरं मात्र सुजलेली. दार उघडून त्यांनी वन्संना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"म्हणजे सरळ करणाऱ्या त्या तुम्ही."

"हो," वन्सं म्हणाल्या. "चूक माझी आहे. सराफांची नाही. मला वाटलं, मान लचकली असेल."

"जन्मभर मुलींवर ओरडले, सरळ बसा, सरळ बसा. आणि कुणी ऐकलं तर माझ्या अंगठीनं." त्या बाजूला झाल्या. "या आत. मांजर उठवू नका, ती माझ्यापेक्षा रागीट आहे."

अंगठी त्यांच्या मावशीची होती. मावशी नाटकात काम करायची आणि तिच्याकडे दागिन्यांना तोटा नव्हता. "पण हे सगळं लोकांना दाखवायचं, असं ती म्हणायची," बाई सांगत होत्या. "मग तिनं त्या दागिनेकाराला गाठलं. म्हणाली, मला एक अशी करून दे, जी माझ्याकडे बघेल. त्यानं तिला समोर बसवलं, गप्पा मारल्या, आणि ही केली. प्रयोग संपला की ती रंग पुसायची, हात मांडीवर ठेवून बसायची, आणि ही तिच्याकडे बघायची. मावशी गेली तेव्हा माझ्या बोटात आली. मला मूल नाही, बाळ नाही. संध्याकाळी मी इथं वाचत बसते. कुणीतरी बघतंय, एवढं बरं वाटायचं."

एवढं बोलून त्या थांबल्या, बहुधा जास्त बोललो असं वाटून. "तर आता काय करणार आहात?"

वन्संनी पिशवीतून एक पितळेचं साधं कडं काढलं. त्यावर मेणाचा गोळा, आणि मेणात एक काचेचा खडा टोचलेला. रात्रभर डोक्यात घोळवून सकाळी उठल्याबरोबर केलं होतं त्यांनी ते. "हे घाला. तुमच्या नेहमीच्या खुर्चीत बसा. नेहमी बसता तशा."

बाई बसल्या. फोटो काढायला बसतात तशा, गुडघे जुळवून, हात जुळवून.

"अशा बसता?"

"नाही."

"मग?"

"आता कसं बसायचं तेच आठवत नाही. तुम्ही दोघी अशा बघताय की."

वन्संनी माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडून काय हवं ते मला कळलं. मी बाईंना विचारलं की आमच्या धाकटीला गणिताची भीती वाटते, काय करावं. बाई ताबडतोब सुरू झाल्या. भीती मुलीला नसते, घरच्यांना असते. तुम्ही तिच्यादेखत गणिताला कठीण म्हणता का. म्हणता ना, मग. बोलता बोलता त्या खुर्चीत मागे रेलल्या, एक पाय दुसऱ्यावर चढला, डावा हात खुर्चीच्या हातावर लोंबकळला, आणि मग पुस्तक उचलून त्यावर आला. वन्संनी समोरच्या बुटक्या स्टुलावर बसल्या बसल्या हळूच तो हात धरला.

"हलवू नका. खडा कुणाकडे बघतोय?"

बाई खाली बघून म्हणाल्या, "पंख्याकडे."

वन्संनी मेण बोटानं दाबलं. "आता?"

"आता तुमच्या भावजयीकडे."

"नको, तिच्याकडे बघायला माझा भाऊ आहे. आता?"

"आता मांजरीकडे. थांबा, मांजरीनं डोळे उघडले."

असं बराच वेळ चाललं. चहा झाला, त्यात मेण पडता पडता राहिलं. एकदा बाई वैतागून म्हणाल्या की यापेक्षा दहावीची परीक्षा घेणं सोपं होतं. मग एकदा वन्संनी मेण सरकवलं आणि बाई पुस्तकावरच्या हाताकडे नुसत्या बघत राहिल्या.

"जमलं?" वन्संनी विचारलं.

"बघतोय माझ्याकडे. पण..." त्यांनी हात थोडा वळवला, परत आणला. "आधी असा नव्हता. आधी मला वाचताना हात असा खाली आणावा लागायचा, तेव्हा बघायचा."

वन्सं स्टुलावरून उठल्या नाहीत. म्हणाल्या, "तो कल तुमच्या मावशीच्या हाताचा होता, बाई. मांडीवर ठेवलेल्या हाताचा. तो केसाइतकाही इकडंतिकडं न होता परत आणणं मला जमणार नाही. तो मी मोडला. हा तुमच्या हाताचा आहे. अंदाजानं जुन्यासारखा करू, की तुमच्या हाताचा करू, ते तुम्ही सांगा. मी आपल्या मनानं काही करणार नाही."

बाई उठून खिडकीशी गेल्या. मांजरीला थोपटलं, मांजरीनं तिचा नेहमीचा राग दाखवला. "मावशीला आवडलं नसतं," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. मला वाटलं, संपलं. मग त्या वळल्या. "पण मावशीला पुष्कळच गोष्टी आवडायच्या नाहीत. माझं शिक्षिका होणंसुद्धा. करा माझ्या हाताचा."

मेणाचं कडं डबीत कापसावर ठेवून आम्ही घरी आणलं, दुधावरची साय नेतात तसं जपून.

काम दुसऱ्या दिवशी सकाळी झालं. उजेड चांगला होता. वन्संनी हिरा काढून वाटीत ठेवला, मान हळूहळू तापवली, थंड होऊ दिली. चिमट्याच्या दोन्ही ओठांना कातडं गुंडाळलं. मेणाचं कडं समोर ठेवलं. मी स्वयंपाकघरात भाजी चिरत होते, म्हणजे एकच भोपळा पुन्हा पुन्हा चिरत होते. देवाला मी त्या वेळी फार काही मागितलं नाही. एवढंच म्हटलं की ही जे डोळे घेऊन बसली आहे ते तूच परत दिलेस, तर आता हातांकडेही बघ.

"अगं, जरा ये," आतून हाक आली.

विळी तशीच टाकून मी उठले. मेजाशी गेले. वन्संनी भिंग माझ्या डोळ्याला लावलं आणि अंगठी समोर धरली. "मानेवर एक रेघ दिसतेय मला. तडा आहे की ओरखडा? तू बघ."

मला काय कळणार? मला मोठा चकचकीत खांब दिसत होता आणि त्यावर एक बारीक रेघ. मी घाबरून म्हटलं, "वन्सं, रेघ आहे खरी."

"नख फिरव."

मी नख फिरवलं.

"अडतं का?"

मी परत फिरवलं. "नाही अडत. घसरून जातं."

त्यांनी भिंग घेतलं, स्वतःचं नख फिरवलं. खालून वर, वरून खाली. मग श्वास सोडला. मला वाटतं, मी आत आल्यापासून त्यांनी तो धरूनच ठेवला होता. "चिमट्याचा ओरखडा आहे. घासला की जाईल." आणि जरा थांबून म्हणाल्या, "भोपळा इतका बारीक का चिरतेस? आवाज येतोय मघापासून."

हिरा परत बसला. कडेनं बघितलं तर कल अगदी स्पष्ट दिसत होता; मेणाच्या कड्याशेजारी ठेवलं तर दोन बहिणी एकाच बाजूला मान कलवून बसल्यासारख्या दिसत होत्या. आमचे हे आले आणि म्हणाले, "छान, पण ही थोडी वाकडी नाही का?" वन्सं इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची धरावी लागली. यांना शेवटपर्यंत कळलं नाही की त्यात हसण्यासारखं काय होतं.

अंगठी द्यायला सराफकाकाही बरोबर आले. बाईंनी अंगठी बोटात घातली. सुजलेल्या पेरावरून ती जराशी अडून मग बसली. त्या खुर्चीत मागे रेलल्या, पाय चढवला, पुस्तक घेतलं आणि वाचायला लागल्या.

आम्ही तिघं उभे. सराफकाका या पायावरून त्या पायावर. शेवटी त्यांना राहवलं नाही. "बाई, कशी आहे?"

"थांबा," बाई म्हणाल्या. "परिच्छेद संपू दे."

त्यांनी पान उलटलं. पान उलटताना हात हलला, परत जागेवर आला, आणि त्यांची नजर ओळींवरून सुटून क्षणभर खाली गेली. मग त्या परत वाचायला लागल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी सांगू शकते: काहीच विशेष नव्हतं. घरात आपलं माणूस शेजारी बसलेलं असलं की असतो तसा चेहरा होता.

"बघते आहे," त्या पुस्तकातूनच म्हणाल्या. "जाताना दार ओढून घ्या."

जिना उतरताना सराफकाका वन्संना म्हणाले, "कारखान्यात एक कुड्यांची जोडी पाठवणार होतो. उद्या तुमच्याकडे आणतो."

"उद्या नको," वन्सं म्हणाल्या. "आधी त्या घालणारीला पेढीवर बोलवा. मला तिला बघायचंय."

"कुड्यांना काय बघायचंय? दोन कान असतात प्रत्येकीला."

"दोन कान सारखे असतात कुणाचे?"

सराफकाकांनी हात जोडले.

तेव्हापासून वन्सं आठवड्यातले काही दिवस पेढीवर जाऊन बसतात. मेज घरीच आहे, त्याच खिडकीशी, आणि झोळीत पुन्हा चुरा पडायला लागला आहे. पण काम घ्यायच्या आधी माणूस बघतात. त्यासाठी त्यांनी सराफकाकांच्या मागे लागून पेढीत एक खुर्ची ठेवून घेतली आहे. हातांची, मागे रेलता येईल अशी. सराफकाका माझ्याकडे तक्रार करतात, "वहिनी, तुमच्या नणंदेला समजवा. गिऱ्हाईकाला बसवून घेतात, त्याच्या घरादाराची चौकशी करतात, चहा माझा जातो आणि काउंटर अडतो तो वेगळाच." मी म्हणते, समजावते. समजावत नाही.

परवा मी त्यांचा डबा द्यायला गेले होते. खुर्चीत एक ट्रकचालक बसला होता. दांडगा माणूस, अवघडून बसलेला. बायकोनं दिलेली अंगठी होती त्याची, लहानसा हिरा, सारखा निसटायचा. वन्सं बुटक्या स्टुलावर बसून त्याचा हात उलटसुलट बघत होत्या.

"दिवसभर हात कुठं असतो तुमचा?"

"गाडीच्या चाकावर. दुसरं कुठं?"

"मग धरा चाक."

तो इकडंतिकडं बघायला लागला. पेढीत दोन बायका बांगड्या बघत होत्या, त्या थांबल्या. सराफकाकांनी वहीत डोकं घातलं.

"धरा की," वन्सं म्हणाल्या. "लांबचा रस्ता आहे असं समजा."

त्यानं हवेत चाक धरलं. आधी लाजत, मग नीट, कोपर थोडं बाहेर काढून. वन्सं वाकल्या आणि त्याच्या बोटाकडे बघायला लागल्या.